तर्रीची कबुली

नागपुरात इंदोऱ्याच्या मागच्या त्या गल्लीत टीव्ही घरोघरी होते, मोबाईल तर होतेच होते, तरी दिवे लागले की अर्धी गल्ली नानाजींच्या ओट्यासमोर गोळा व्हायची. कारण तिथे कोर्ट भरायचं. कोर्ट खोटं होतं, पण त्यातला पुकारा खराखुरा होता. नानाजींनी अख्खी नोकरी कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारण्यात घालवली होती. तो आवाज असा काही तयार झाला होता, की निवृत्त झाल्यावर ठेवायचा कुठे हा प्रश्नच पडला. सुनेवर काढला तर सून ऐकून घेणारी नव्हती. मग त्यांनी तो कुत्र्यासाठी वापरायला काढला.

"मुजरिम तर्री, हाजिर होऽऽ."

आणि मुजरिम यायचा. चंद्रभान काकांच्या पोह्यांच्या ठेल्याखाली जन्मलेला, पोह्यांवर ओतायच्या झणझणीत रश्श्याच्याच रंगाचा, वर तेलाचा तवंग असावा तसा चकाकणारा तांबडा कुत्रा. म्हणून नाव तर्री. पुकारा झाला की कुठेही असला तरी तो धावत यायचा, कारण खटला संपला की टोस्ट मिळतो एवढं त्याला पाठ होतं.

आरोपी आला की सरकारी वकील उभी राहायची. सरकारी वकील म्हणजे नंदिनी, नववी ब.

ह्या नंदिनीचा आवाज गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा फुटत नसे. बाईंना दोनदा नाव घ्यावं लागे आणि तिसऱ्यांदा शेजारची मुलगी "आली आहे" म्हणे. मग ह्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर परिपाठात बोलायची तिची पाळी आली. सगळ्या मुली पाणी वाचवा नाहीतर झाडं लावा यांवर बोलत. हिने विषय घेतला, कुत्रे अंगानं कसं बोलतात. उन्हाळाभर तिने दुसरं केलंच काय होतं, मोबाईलवर व्हिडिओ पाहायचे आणि कूलरच्या गळक्या पाण्यात लोळणारी गल्लीतली कुत्री पाहायची. शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश असं नसतं, तिने सांगितलं. शेपटी कुठे धरली आहे ते बघा, एकटीच हलते की सगळं अंग तिच्याबरोबर हलतं ते बघा. कुत्रा घाबरला तर जांभई देतो, झोप आली म्हणून नाही. डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसला की आपण मागे सरायचं. मैदानात पहिल्यांदाच कोणी चुळबूळ करत नव्हतं. टाळ्या वाजल्या, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली, आणि त्या दिवसापासून ही पोरगी जी बोलायला लागली ती थांबेचना. तिचे बाबा धम्मानंद तहसिलीत कारकून, बोलायला मोजके. ते म्हणत, "पहिले हिच्या तोंडातून शब्द काढाले चिमटा लागे, आता झाकन लागते."

ओट्यावरच्या कोर्टातलं तिचं काम सोपं होतं. पुरावा हातात घ्यायचा, म्हणजे नत्थूजींची कुरतडलेली चप्पल किंवा कोणाच्या दारातलं फाटलेलं पायपुसणं. तर्रीपुढे उकिडवं बसायचं. आणि तो आवाज काढायचा. तो आवाज तिचा स्वतःचा होता, तिने शोधून काढलेला. खालच्या पट्टीतला, ओढलेला, शेवटी टोक असलेला.

"तर्रीऽऽ... कोनं केलं हे?"

की तर्रीचे कान डोक्याला चिकटायचे. मान खाली, पाठीची कमान, शेपटी पोटाखाली. पुढचा एक पाय हळूच वर उचललेला. तो भिंतीकडे बघायचा, छताकडे बघायचा, फक्त नंदिनीकडे बघायचा नाही. जीभ नाकावरून फिरायची. शेवटी तो एक लांब जांभई द्यायचा.

"गुन्हा कबूल," नानाजी जाहीर करायचे. "अन् पाहा, कोर्टात झोप येऊन राहिली याले. जुना मुजरिम होय."

गल्ली हसून हसून लोळायची. टोस्टची शिक्षा व्हायची. जांभईबद्दल आपणच परिपाठात काय सांगितलं होतं हे नंदिनीला ओट्यावर कधी आठवलं नाही. हशा एवढा मोठा असला की त्यात आपलंच बोललेलं ऐकू येत नाही. आणि तो हशा तिच्यामुळे होता. ज्या मुलीला गल्लीत "धम्मानंदची पोट्टी" यापलीकडे नाव नव्हतं तिला लोक आता कुत्र्यायची मॅडम म्हणत.

मग संत्र्यांचे दिवस आले.

नत्थूजींकडे छोटी मालवाहू गाडी होती. काटोलहून संत्री भरून कळमन्याच्या बाजारात टाकायची आणि रिकामी क्रेटं ठेल्यामागे रचून ठेवायची, हा त्यांचा हिवाळ्यातला धंदा. क्रेटांत एखाददुसरं सडकं संत्रं राहून जाई. त्या वासाला माशा येत, माशांमागे मांजरी, आणि सगळ्यांच्या मागे अप्पू. अप्पू म्हणजे भूमिका वहिनींचा तीन वर्षांचा अपूर्व. त्याला बोलणं नीट यायचं नाही, पण क्रेटांच्या मधल्या फटीत शिरणं छान यायचं.

त्या दिवशी ऊन उतरत असताना फटीतून किंकाळी आली. पाठोपाठ तीन कुत्री बाहेर पळाली. एक तर्री, एक पलीकडच्या गल्लीतली काळी कुत्री, आणि एक कुठला तरी पांढरा, गळ्यात तुटकी दोरी असलेला, जो त्याआधी कोणी पाहिला नव्हता आणि नंतरही कोणाला दिसला नाही. अप्पूच्या पोटरीतून रक्त येत होतं. चावताना कोणीच पाहिलं नव्हतं. वहिनींनी त्याला साबणानं धुतलं, सरकारी दवाखान्यात नेलं, सुया टोचून घेतल्या. परत आल्यावर त्याला मांडीवर घेऊन त्या विचारत होत्या, "कोनं चावलं रे बाळा, तर्रीनं?" अप्पूनं हो म्हणून मान हलवली. त्याला काहीही विचारलं तरी तो तशीच मान हलवायचा, भात खातो का म्हटलं तरी, झोपतो का म्हटलं तरी. पण त्या रात्री हे कोणी लक्षात घेणार नव्हतं, आणि आई तर नाहीच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ओट्यासमोर गल्ली जमली, पण बसलं कोणीच नाही. लोक हळू आवाजात बोलत होते. कोणी म्हणालं, महापालिकेची गाडी बोलवा. कोणी म्हणालं, गाडी नेते, ऑपरेशन करते अन् पुन्हा इथंच आणून सोडते, काय फायदा. नत्थूजी म्हणाले की सकाळी काटोलला रिकामी गाडी जातेच, तिकडे सोडून येऊ. चंद्रभान काका ठेल्यापाशीच उभे होते. त्यांनी तर्रीच्या गळ्यात दोरी बांधली होती आणि दोरीचं टोक हातात धरून ते खाली बघत होते.

नंदिनीला हे सहन होईना. तर्रीनं हे केलेलं नाही याची तिला खात्री होती. अप्पूनं त्याच्या कानात काडी घातली होती तेव्हाही तो नुसता उठून दुसरीकडे जाऊन झोपला होता. आणि तिच्याकडे एक उपाय होता, जो गल्लीत फक्त तिच्याकडे होता. ती गर्दीतून पुढे आली.

"मी विचारतो त्याले," ती म्हणाली. "त्यानं केलं नसन तं तो कबूल करनारच नाही. सगळ्यायच्या समोर विचारतो."

लोक थांबले. नानाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. भूमिका वहिनींनी डोळे पुसले. त्यांनाही खरं कळायला हवंच होतं. "विचार," त्या म्हणाल्या. "तुले समजते नं त्याचं."

नंदिनी उकिडवी बसली. तर्री टोस्टच्या आशेनं पुढे आला. तिने मनातल्या मनात ते दृश्य पाहून ठेवलं होतं, आपण विचारू, तर्री तसाच उभा राहील, शेपटी सैल, तोंड उघडं, आणि गल्लीला कळेल. आवाज नीट लागावा म्हणून तिने घसा साफ केला.

"तर्रीऽऽ... अप्पूले कोनं चावलं?"

तर्रीचे कान चिकटले. मान खाली गेली. शेपटी पोटाखाली. तो भिंतीकडे बघू लागला, पुढचा पाय वर उचलला, नाक चाटलं. आणि मग, सगळ्या गल्लीसमोर, त्याने जांभई दिली.

ह्या वेळी कोणी हसलं नाही. नानाजी उठून आत गेले. जाताना त्यांनी निकाल सांगितला नाही, सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर नंदिनी जेवली नाही. तिला तर्रीचा राग आला होता, खराखुरा, एखाद्या मैत्रिणीचा यावा तसा. आई म्हणाली, जनावर होय, कधी फिरन सांगता येत नाही. बाबा म्हणाले, रस्त्यावरच्या कुत्र्याला त्याच्या जागेवरून उचलून दुसरीकडे सोडणं कायद्यात बसत नाही. ते नत्थूजींकडे हे सांगायला गेलेही. नत्थूजी म्हणाले, "मी कुठं सोडून राहिलो, साहेब. तो गाडीत बसन अन् काटोलले उतरन. तिकीटही मागत नाही मी त्याले." पण सकाळी गाडीचं चाक पंक्चर निघालं, आणि जाणं एक दिवस पुढे गेलं.

तो एक दिवस नसता मिळाला तर नंदिनीला आयुष्यभर काही कळलं नसतं. कधीकधी तिला वाटतं, तेच बरं होतं.

शाळेतून आली तेव्हा दुपारची गल्ली रिकामी होती. ठेला बंद होता आणि त्याच्या पायाला तर्री बांधलेला होता. तिला पाहून तो उठला, सगळ्या अंगानं हलला. ती समोर जमिनीवर बसली आणि त्याला लाथ मारावी की मिठी मारावी हे न कळून नुसती बघत राहिली. काहून केलं बे, तिने विचारलं. तो हातावर नाक घासत होता. मग रागारागात, दप्तरातला गणिताचा पेपर बाहेर डोकावत होता म्हणून, तिने तो ओढून त्याच्यासमोर धरला आणि तो आवाज काढला.

"तर्रीऽऽ... हे मार्क कोनं खाल्ले?"

कान चिकटले. मान खाली. शेपटी पोटाखाली.

नंदिनी हसणारच होती. हसू अर्ध्यावर थांबलं. तिने पेपर खाली ठेवला. थोडा वेळ थांबली, तर्री पुन्हा सैल होईपर्यंत. मग त्याच आवाजात, एकेक शब्द ओढत, तिने विचारलं, "तर्रीऽऽ... दिल्लीचा लाल किल्ला कोनं बांधला?"

त्याने पाय वर उचलला. भिंतीकडे बघितलं. नाक चाटलं. लाल किल्लाही त्यानेच बांधला होता.

आता शेवटचं उरलं होतं आणि ते विचारायची हिंमत होत नव्हती. तिने नेहमीचा आवाज काढला, बिस्किट देताना काढायची तो, आणि म्हणाली, "अप्पूले कोनं चावलं रे राजा? तू चावला? हो रे माह्या सोन्या?" तर्रीचं तोंड उघडलं, जीभ बाहेर लोंबली, कंबर डावी-उजवीकडे डोलायला लागली. त्याने तिची हनुवटी चाटली.

तो कधीच काही कबूल करत नव्हता. चप्पल नाही, पायपुसणं नाही, काहीच नाही. तो फक्त म्हणत होता, रागावू नकोस, मी लहान आहे, मी काही करत नाही. रोज संध्याकाळी, अर्ध्या गल्लीसमोर, टोस्ट मिळेपर्यंत तो हेच विनवत होता, आणि जिला त्याची भाषा येते असं सगळे म्हणत होते ती त्याच्यासमोर बसून लोकांना हसवत होती. जांभई म्हणजे भीती. तिनेच सांगितलं होतं, माईकवरून.

अप्पूला चावणारा तर्री नव्हताच असं आता तिला म्हणता येत नव्हतं. तो असेलही. काळी असेल, दोरीवाला पांढरा असेल. कळायला काही मार्गच नव्हता, आणि जो मार्ग आहे असं सगळ्यांना वाटत होतं तो तिने काढून दिला होता.

संध्याकाळी तिने एकेका दारात जाऊन लोकांना बोलावलं. नानाजी खुर्ची बाहेर टाकून बसले. भूमिका वहिनी अप्पूला कडेवर घेऊन आल्या, त्याच्या पोटरीला पट्टी होती. नंदिनीनं दोरी सोडून तर्रीला पुढे आणलं. ती खूप वेगानं बोलत होती. तो माफी मागत नाही, तो आवाजाला घाबरतो, कोणत्याही शब्दाला असंच करतो, थांबा दाखवते. आणि नानाजी खुर्चीत बसलेले असताना, त्यांच्या समोर, तिने तर्रीला त्या आवाजात विचारलं, की नानाजींची खुर्ची कोणी चोरली.

तर्रीनं कबूल केलं.

मागून कोणी तरी फस्सकन हसलं, आणि मग सगळेच. दोन दिवस तोंड आवळून बसलेली गल्ली मोकळी झाल्यासारखी हसली. नत्थूजी म्हणाले, "वा वं मॅडम, जाता जाता एक शेवटचा शो." तिने ओरडून सांगितलं की हा शो नाही, पण हसू ओसरेपर्यंत कोणाला ऐकू गेलं नाही. आणि ओसरल्यावर नानाजी म्हणाले, अगदी प्रेमानं, "बेटा, साक्षीदार फिरला म्हनून निकाल फिरत नाही. कायदा तूच केला होता. केलं नसन तं कबूल करनार नाही, तूच बोलली."

"मले तेव्हा समजलं नव्हतं, नानाजी."

"अन् आता समजलं, काहून की कुत्रं जाऊन राहिलं."

ती भूमिका वहिनींकडे वळली. अप्पू सगळ्यालाच हो म्हणतो हे तिला माहीत होतं, तेही दाखवता आलं असतं. तिने त्याच्याकडे तोंड केलं आणि, घाईत, आपण कोणता आवाज काढतोय याकडे लक्ष न देता, विचारलं, "अप्पूऽऽ... तुले हत्तीनं चावलं?"

अप्पूचे खांदे वर गेले. त्याने हनुवटी छातीला चिकटवली. तो तिच्याकडे बघेना, आईच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीकडे बघायला लागला, आणि ओठ चाटून, अगदी हळू, मान हलवली. हो.

आणखी एकदा विचारलं असतं, वाघाचं नाव घेऊन, तर कदाचित लोकांना पटलं असतं. नंदिनी तोंड उघडून उभी राहिली. तिला तर्रीचा तो वर उचललेला पाय दिसत होता, जो अप्पूनं उचलला नव्हता. तिच्यानं दुसरा प्रश्न विचारवेना.

भूमिका वहिनींनी पोराचं डोकं पदराखाली घेतलं. त्या भांडल्या नाहीत. "तुले कुत्र्याचं समजते वं पोरी," त्या म्हणाल्या. "माह्या लेकराचं कोन समजन? रातभर दचकून उठते ते." आणि त्या घरात गेल्या. त्यांच्या मागे लोकही पांगले.

सकाळी धुक्यात नत्थूजींची गाडी ठेल्यापाशी उभी राहिली. चंद्रभान काकांनी त्या दिवशीचे पहिले पोहे गिऱ्हाइकाला दिले नाहीत. ते कागदावर घेऊन तर्रीसमोर ठेवले, तर्री न घालता, कारण तिखट त्याला सोसत नसे. तो खात असताना ते नंदिनीला म्हणाले, "माह्या ठेल्यावर लेकरं येतात वं बेटा," आणि उगाच ठेल्याची स्वच्छ फळी पुन्हा पुसत राहिले.

खाऊन झालं आणि नत्थूजी क्रेट घेऊन पुढे आले तशी तर्रीनं दोरीला हिसका दिला. दोरी सुटली. तो ठेल्याखाली शिरला, तिथून क्रेटांमागे, तिथून गटाराच्या कडेला. दोघंतिघं धावले, कोणाच्या हाती लागेना. नत्थूजींना काटोलला माल भरून कळमन्याची वेळ गाठायची होती. त्यांनी धापा टाकत नंदिनीला म्हटलं, "तू विचार नं त्याले. तुह्या आवाजानं जागच्या जागी बसते तो."

ती नाही म्हणाली. बाबा तिच्या मागे उभे होते, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती पुन्हा नाही म्हणाली, मोठ्यानं.

मग ओट्यावरून नानाजी उतरले, स्वेटर घालून, कानटोपी ओढून. आदल्या संध्याकाळच्या मानाने ते थकलेले दिसत होते. त्यांनी घसा साफ केला, आणि त्या पुकारा करणाऱ्या भारदस्त गळ्यातून एक बारीकसा, ओढलेला, खालच्या पट्टीतला आवाज निघाला. नक्कल काही खास नव्हती.

"तर्रीऽऽ... कोनं केलं हे?"

गटाराच्या कडेला तर्री थांबला. कान मागे, मान खाली. तो जमिनीला चिकटून बसला आणि पुढचा पाय उचलला. नत्थूजींनी त्याला पोटाखाली हात घालून सहज उचललं, एखादं पोतं उचलावं तसं. क्रेटाच्या फटीतून त्याचं नाक बाहेर आलं होतं. गाडी वळेपर्यंत तो नंदिनीकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत होता.

त्यानंतर कोर्ट भरलं नाही. कोणी बंद केलं असं नाही, पण नानाजी संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकत, आणि आरोपीच नसल्यामुळे थोड्या वेळानं आत नेत. अप्पूची पट्टी निघाली. काळी कुत्री एकदोनदा ठेल्याखाली झोपून गेली, पांढरा आलाच नाही. शाळेत बाईंनी नंदिनीला विज्ञान प्रदर्शनासाठी तोच कुत्र्यांचा विषय मांडायला सांगितलं, तिने दुसरा मागून घेतला. घरी आता झाकण लागत नव्हतं.

एका रविवारी पहाटे धम्मानंदांनी तिला उठवलं आणि स्वेटर घाल म्हणाले. एसटीत खिडकी मिळाली. नागपूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या, झाडं ओझ्यानं टेकलेली. वाटेत बाबा एवढंच म्हणाले की सापडला तर आणता येणार नाही, हे आधीच मनाशी ठेव. ती हो म्हणाली. तिला फक्त त्याला एकदा चांगल्या आवाजात हाक मारायची होती.

काटोलच्या बाजारात संत्र्यांचे ढीग आणि गवताचा चुरा पसरला होता. निवड करणाऱ्या बायका गोल करून बसल्या होत्या. बाबांनी एकीला विचारलं, तांबड्या रंगाचं कुत्रं दिसलं का, नवीन आलेलं. तिने हातातलं संत्रं न सोडता मागे वळून हाक मारली, "केशऱ्या, ए केशऱ्या, पाह्य कोन आलं तुह्यावालं."

ढिगामागून तो आला. उजवा कान टोकाला फाटलेला होता, इथल्या कुत्र्यांनी पहिल्या दिवशी पाहुणचार केला असणार. मागच्या पायानं किंचित लंगडत होता. पण नंदिनीनं त्याचं अंग वाचलं, आता नीट, टोकापासून टोकापर्यंत. खांदे सैल. तोंड उघडं, जीभ बाजूला. शेपटी ना उंच ना खाली, आणि तिच्याबरोबर सगळी कंबर डोलत होती. तो त्या बाईकडे चालला होता.

"तर्री," नंदिनीनं हाक मारली. गोड, हलक्या, बिस्किटाच्या आवाजात.

तो थबकला. कान उभे राहिले, शेपटी एकदा हलली. मग त्याने तिला पाहिलं. आणि हळूहळू, जसा वारा पडावा तसा, तो सगळा खाली आला. कान चिकटले, मान वाकली, शेपटी पोटाखाली गेली. पुढचा पाय जमिनीवरून सुटला.

तिने तो आवाज काढलाच नव्हता. त्याची आता गरज उरली नव्हती.

"अवं, याले काय झालं?" बाई म्हणाली. "काही चोरून आलं का कुठून? चेहरा कसा करून राहिलं, पाह्य."

नंदिनी पुढे गेली नाही. ती तिथेच गवताच्या चुऱ्यात बसली, त्याच्याकडे पाठ नाही आणि तोंडही नाही, एक बाजू करून. संत्र्यांच्या ढिगाकडे बघू लागली. ओठांवरून जीभ फिरवली. मग तिने एक लांब जांभई दिली, खोटी, पण जमेल तेवढी खरी. बायका हसल्या. तिने दुसरी दिली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला तो दिसत होता, लांब, ढिगाच्या कडेला, अजून पाय उचललेला. थोड्या वेळानं त्याने पाय खाली ठेवला. जवळ आला नाही.

परतीच्या बसची वेळ होईपर्यंत ती तशीच बसून होती. बाबा शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनीही, काही न कळता, ढिगाकडे बघायला सुरुवात केली.

"काय म्हनून राहिला तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"भेव लागते म्हनते."

"कोनाचं?"

बाईनं पोळीचा तुकडा फेकला. तर्री त्यांच्याभोवती मोठा वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेनं तिकडे गेला.

"माहं," नंदिनी म्हणाली.